हळद व मधासाठी जुन्या औषधी वळणाचे लेबल

घरची हळद दळून किंवा मध गाळून बरणीत विकताना ग्राहक आधी लेबल पाहतो. जुन्या औषधांच्या बाटल्यांवर असे तसे लेबल कमी खर्चात होते व उठून दिसते. मात्र त्याचे रूप घ्यावे, दावे घेऊ नयेत.

रूप कसे असावे?

१) कागद बदामी, बिनचकाकीचा घ्यावा. छपाई एक-दोन रंगांत करावी.

२) दुहेरी रेघांची चौकट व कोपऱ्यांत साधी वेलबुट्टी असावी.

३) मजकूर मधोमध मांडावा. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक रंगामागे खर्च वाढे, म्हणून लहान-मोठ्या अक्षरांनीच उठाव आणत. मालाचे नाव सर्वांत मोठे ठेवावे.

४) चित्र एकच असावे. वुडवर्ड्स ग्राइप वॉटरवरील साप धरलेले बाळ न वाचताही ओळखू येते. आपण हळकुंड किंवा पोळे काढावे. दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल करू नये.

५) हळदीसाठी औषधासारखी तपकिरी काच खरोखर उपयोगी आहे. उजेडाने हळदीतील कुरकुमीन कमी होते व रंग फिका पडतो.

काय टाळावे?

जुन्या लेबलांवर ‘अनेक रोगांवर रामबाण’ असा मजकूर सर्रास असे. आज खाद्यपदार्थावर ‘मधुमेह बरा होतो’ असे छापता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार लेबलही जाहिरात ठरते आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय लेबलावर विसंबून एखाद्या रुग्णाने गोळ्या बंद केल्या, तर ते नुकसान दंडाने भरून येत नाही.

काय छापावे?

मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, पॅकिंगची व वापराची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हिरवे शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचे बोधचिन्ह व १४ अंकी क्रमांक आणि लागू असल्यास पोषणमूल्ये. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जोडीला द्यावी. केवळ मराठी लेबल चालत नाही.

वळणदार अक्षरे नावापुरतीच वापरावीत; तारीख व वजन साध्या, ठळक अक्षरांत द्यावे. सर्व लेबले छापण्यापूर्वी एक नमुना बरणीला चिकटवून घरातील वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्यावा. त्यांना तारीख वाचता आली नाही, तर अक्षर मोठे करावे. त्यांना ते औषध वाटले, तर मजकूर बदलावा.