स्टेपनी : पाचव्या चाकाची सज्जता

पुण्याहून मुंबईकडे जाणारा जुना मार्ग खडकी छावणीच्या परिसरातून जातो. बोरघाटातून चाकाच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता १८३० साली खुला झाला आणि तेव्हापासून या मार्गावरील वर्दळ वाढतच गेली. खडकीत दारूगोळा कारखाना, लष्कराच्या चिलखती वाहनांचे आगार आणि वाहनदुरुस्तीची कार्यशाळा आहे. बोपोडीजवळ मुळेवरील हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते. तेथे एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. वाहने आणि त्यांची निगा या परिसराला नवी नाही. येथे एखाद्या मोटारीचे चाक बसले तर पंक्चर काढणारा कारागीर फारसा दूर नसतो.

परंतु तीच मोटार सुमारे ६० किलोमीटरवरील खंडाळ्याच्या घाटात रात्री थांबली, तर परिस्थिती अगदी निराळी असते. अशा वेळी वाहनासोबत असलेले पाचवे चाक हाच खरा आधार. ते चाक तयार आहे किंवा नाही, हे मात्र निघण्यापूर्वीच ठरलेले असते. स्टेपनी तपासावयाची खडकीत आणि उपयोगी पडावयाची खंडाळ्यात, हे सूत्र वाहन बाळगणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने व कार्यालयाने ध्यानी ठेवणे हितावह आहे.

शब्दाचा इतिहास

मोटारीच्या आरंभीच्या काळात वाहनाबरोबर जादा चाक दिले जात नसे. घोड्यांच्या नालांतून गळालेले खिळे रस्त्यावर पडलेले असत आणि टायर वारंवार फुटत. चालकाला रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब दुरुस्त करावी लागे. वेल्समधील लानेली या गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली एक धाव त्यांनी तयार केली. ती पंक्चर झालेल्या चाकाला पकडींनी जोडता येई. त्यांचे दुकान ‘स्टेपनी’ नावाच्या रस्त्यावर होते, म्हणून या साधनालाही तेच नाव पडले. पुढे मोटारीबरोबर पूर्ण चाकच मिळू लागले आणि ते साधन मागे पडले. नाव मात्र आपल्याकडे टिकले. ब्राझीलमधील ‘एस्टेपे’ हा शब्दही त्याच रस्त्याची आठवण सांगतो.

न वापरलेले चाकही झिजते

स्टेपनी वापरलीच नाही, म्हणजे ती नव्यासारखी असणार, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कोणत्याही टायरमधील हवा हळूहळू कमी होते. साधारणपणे महिन्याला १ ते २ पौंड इतकी ही घट असते. चालू चाकांकडे रोज लक्ष जाते, म्हणून त्यांत हवा भरली जाते. सामानाखाली झाकलेल्या चाकाकडे कोणी पाहत नाही. वर्षभर दुर्लक्ष झाले तर ऐन वेळी पंक्चर झालेले चाक काढून त्या जागी बसलेले चाक लावण्याची वेळ येते.

रबरालाही वय असते. उष्णता, ऊन व हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होते आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व पुढील दोन वर्ष दर्शवितात. ‘२३१९’ असे अंक असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. पाच वर्षे उलटल्यावर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत दिसली तरी बदलावा.

मासिक तपासणी

महिन्यातील एक ठरावीक दिवस या कामासाठी नेमावा. हवा भरून घेताना चार चाकांबरोबर पाचवे चाकही बाहेर काढावे. हवेचा योग्य दाब बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला असतो. त्यात स्टेपनीसाठी निराळा आकडा असल्यास तोच पाळावा. व्हॉल्व्हचे टोपण, भेगा आणि नक्षीची खोली पाहावी. खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की मोटारीचा टायर बाद समजावा.

चाकाइतकीच त्याची साधने महत्त्वाची आहेत. जॅक, त्याचा दांडा, नटांना बसणारा पाना, विजेरी, परावर्तक त्रिकोण, चाकाला अडसर म्हणून लाकडी ठोकळा आणि जॅकखाली ठेवण्यास एक जाड फळी एवढे साहित्य गाडीत असावे. पावसाळ्यात ओल्या मातीत जॅक रुततो. तेव्हा या फळीचे मोल कळते. काही मोटारींच्या नटांना कुलूप असते. त्याची खास चावी घरी राहिली तर बाकी सर्व साहित्य निरुपयोगी ठरते. काही वाहनांत स्टेपनी गाडीच्या तळाशी साखळीने टांगलेली असते. चिखलाने व गंजाने ती यंत्रणा अडकून बसते. म्हणून वर्षातून किमान एकदा ती खाली उतरवून स्वच्छ करावी व वंगण द्यावे.

रस्त्यात चाक बदलताना

चाक बसल्याचे जाणवताच ब्रेक जोराने दाबू नये. वेग हळूहळू कमी करावा आणि सपाट, कठीण व वाहतुकीपासून दूर असलेल्या जागी गाडी न्यावी. त्यासाठी थोडे अंतर बसल्या चाकावर जावे लागले आणि टायर वाया गेला, तरी चालेल. टायर विकत मिळतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. तेथील सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटर वेगाची मुभा आहे. या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला, तर मागील चालकाला दोन सेकंदांहूनही कमी अवधी मिळतो. म्हणून अशा मार्गावर तो १०० मीटर किंवा त्याहून मागे असावा. प्रवाशांनी गाडीत किंवा गाडीमागे न थांबता रस्त्याकडेच्या कठड्यापलीकडे उभे राहावे. बसलेले चाक वाहतुकीच्या बाजूचे असेल, तर स्वतः बदलण्याचे धाडस करू नये. ११२ क्रमांकावर साहाय्य मागावे.

सुरक्षित जागी चाक बदलताना हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी व तिरप्या दिशेच्या चाकाला ठोकळा लावावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत आणि मग नेमून दिलेल्या जागीच जॅक लावावा. काढलेले चाक गाडीच्या तळाखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक निसटला तरी त्यामुळे गाडी पूर्ण खाली येत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, गाडी खाली उतरल्यावर ते पक्के करावेत आणि सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. आकाराने लहान असलेल्या तात्पुरत्या स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते.

स्टेपनी नसलेल्या मोटारी

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या बदलानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि टायर-दुरुस्ती संच असलेल्या ठरावीक प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. या संचातील द्रव खिळ्याचे लहान छिद्र बुजवू शकतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय त्या द्रवाला वापराची मुदत असते. कार्यालयासाठी वाहन घेताना ते कोणत्या रस्त्यांवर धावणार, याचा विचार करून हा निर्णय घेणे योग्य ठरेल.

जबाबदारी कोणाची?

खाजगी मोटारीचा मालक एकच असतो. सार्वजनिक वाहनाबाबत मात्र चालक बदलतात, अधिकारी बदलतात आणि पाचवे चाक कोणाच्याच नोंदीत राहत नाही. पंक्चर झालेली स्टेपनी दुरुस्त न करता तशीच ठेवली जाते व नव्या चालकाला ती तशीच मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका असेल, तर या विस्मृतीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून वाहनाच्या नोंदवहीत स्टेपनी व साधने यांसाठी स्वतंत्र रकाना असावा आणि कार्यभार सोपविताना दोघांनी त्यावर सही करावी. ग्रामपंचायतीने आपल्या टँकर व कचरागाडीसाठीही हीच पद्धत अनुसरावी.

महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ चे नियम असून त्यांत शाळा पातळीवर परिवहन समितीची तरतूद आहे. या समितीच्या बैठकीत आणि प्रत्येक सहलीपूर्वी शिक्षकांनी स्टेपनीची चौकशी करावी. केवळ ‘आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. चाक बाहेर काढून दाब मोजावयास सांगावा. त्यास जेमतेम दहा मिनिटे लागतात. घाटात मुलांनी भरलेली बस उभी असताना तीच दहा मिनिटे कोठूनही परत मिळत नाहीत.