हाताची हालचाल आणि मज्जासंस्था

पहिलीतील मूल पाटीवर ‘क’ काढू लागले की पेन्सिल घट्ट आवळते, खांदा उचलते. तरीही अक्षर वाकडेच उमटते. शिक्षकांस हा पुष्कळदा निष्काळजीपणा वाटतो. त्याचे खरे कारण मज्जासंस्थेच्या कार्यात आहे.

आज्ञेचा मार्ग : लिहिण्याची इच्छा होताच मोठ्या मेंदूतून आज्ञा निघते, मज्जारज्जूत उतरते आणि मज्जातंतूंवाटे हाताच्या स्नायूंस पोहोचते. हे तंतू बहुतांशी वाटेत बाजू बदलतात. म्हणून उजव्या हातावर मेंदूच्या डाव्या अर्धाचा ताबा असतो. हात कोठे आहे याची वार्ता स्नायू व सांधे उलट मेंदूस कळवितात आणि लहान मेंदू तीनुसार हालचाल सुधारून घेतो.

तापलेल्या तव्यास बोट लागताच हात मागे येतो. वेदना त्यानंतर जाणवते. येथे आज्ञा मज्जारज्जूच देतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. ती शिकावी लागत नाही. लेखन शिकावे लागते.

वर्गात करावयाचे प्रयोग :
(१) मुलांनी डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्यास लावावी. दृष्टीवाचूनही हाताची जागा मेंदूस कळते, हे त्यावरून दिसते.
(२) एका मुलाने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकास उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी ठेवावी. पट्टी अवचित सोडताच ती पकडावी. ती २० सेंटिमीटर घसरली, तर डोळ्यापासून हातापर्यंतच्या कार्यास सुमारे १/५ सेकंद लागला असे समजावे. कितीही चपळ मूल असले तरी काही वेळ लागतोच.

शिक्षकांनी ध्यानात घ्यावे : प्रत्येक सरावात चूक होते, तिची वार्ता मेंदूस जाते व पुढील हालचाल किंचित सुधारते. हजारो आवृत्तींनंतर हात विनासायास चालू लागतो. म्हणून प्रथम मोठी अक्षरे हवेत व धुळीत गिरवून घ्यावीत. नंतर पाटी द्यावी. डावखुरेपणाचे मूळही मेंदूतच आहे. त्या मुलास उजव्या हाताची सक्ती करू नये. छडीने अक्षर सुधारत नाही. भ्यालेल्या मुलाचे स्नायू अधिकच ताठरतात. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहेच. शरीरशास्त्राची साक्षही तीच आहे.