काशिमिऱ्याचा रस्ता

काशी आणि मिरे ही दोन जुनी गावे. दोघांची नावे जोडून काशिमिरा झाले. इथल्या नाक्यावर थोडा वेळ उभे राहा. रात्र असो वा दिवस, गाड्यांची रांग काही तुटत नाही. कुणात भाजी, कुणात कापड, कुणात लोखंड. हाच तो मुंबई-अहमदाबाद रस्ता. पुढे तो उदेपूर, जयपूर करीत थेट दिल्लीला जातो.

पुष्कळ वर्षे या रस्त्याचा नंबर ८ होता. सरकारने २०१० साली देशातल्या महामार्गांना नवे नंबर दिले. तेव्हापासून हा ४८ नंबरचा झाला. जुने ड्रायव्हर मात्र अजून ‘आठ नंबर’च म्हणतात. जुन्या दुकानांच्या पाट्यांवरही कुठे कुठे ८ दिसेल. तेव्हा गोंधळू नका, रस्ता एकच आहे.

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड असतो. त्याचा माथा कसल्या रंगाचा आहे ते पाहा. पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्याचा. केशरी असेल तर गावाकडे जाणारा रस्ता. अक्षरे नीट लागत नव्हती तेव्हाही हा रंग आपल्याला सांगत होता. आता त्याखालचे गावाचे नाव आणि आकडाही आपण वाचू शकतो.

चला तर, दगड वाचीत उत्तरेकडे जाऊ.

पहिले येते घोडबंदर. नावातच गोष्ट आहे. इथल्या बंदरात घोडे उतरत, म्हणून घोडबंदर. खाडीवर लक्ष ठेवायला पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला. पुढे चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांवर मोहीम काढली आणि १७३९ साली वसई घेतली. त्या मोहिमेत हा किल्लाही मराठ्यांकडे आला. त्या काळी सगळी ये-जा पाण्यावरून होई. म्हणून जुन्या गावांचे तोंड खाडीकडे असते. नवी दुकाने पाहा, त्यांचे तोंड रस्त्याकडे.

मग येतो वरसाव्याचा पूल. हा पूल म्हणजे या रस्त्याची नाडी. गेल्या शतकात साठच्या दशकात जुना पूल झाला. पुढे रहदारी वाढली, ट्रक जड झाले. २०१३ साली पुलाला तडा गेलेला आढळला. २०१६ साली पुन्हा तसेच झाले. जड गाड्या बंद कराव्या लागल्या. ट्रक चिंचोटी, कामण, भिवंडी असा वळसा घेऊ लागले. भाजी वाटेत सुकली, मजूर उशिरा पोचले, घोडबंदरपासून वसईपर्यंत माणसे तासन् तास अडकली. एका पुलावर किती जणांची भाकर असते, ते तेव्हा कळले. शेवटी शेजारी सव्वादोन किलोमीटरचा नवा पूल बांधला. २०२३ च्या मार्चमध्ये त्याची एक बाजू सुरू झाली, पाठोपाठ दुसरी. आणि गंमत पाहा, २०२४ साली भाईंदर आणि वसईच्या मध्ये माणसे व गाड्या नेणारी मोठी बोटही सुरू झाली. म्हणजे खाडी ओलांडायला पुन्हा पाण्याचीच वाट!

पुलापलीकडे चिंचोटी, वसई फाटा, विरार फाटा, मग मनोर. या वाटेवर ‘फाटा’ हा शब्द फार वेळा वाचाल. वसई जुनी, पण वसई फाटा रस्त्याने जन्माला घातलेला. आधी एक चहाची टपरी, मग पंक्चरचे दुकान, मग भोजनालय. असे करता करता वस्ती होते.

चारोटीला सूर्या नदी लागते. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्री पौर्णिमेपासून तिची मोठी जत्रा भरते. वारली आणि इतर आदिवासी बांधव दुरून येतात. याच चारोटीला ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुःखद घटना घडली. प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले ते आणि त्यांचे एक सोबती दोघेही गेले. मोटार भारी किमतीची होती. पण मागे बसलेल्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पट्टा मागे बसणाऱ्यालाही लागतो. पायी चालत असाल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अपघात पाहिला तर १०३३ नंबर फिरवा. तो महामार्गाचा मदतीचा नंबर आहे.

पुढे तलासरी, मग आच्छाड. तिथे महाराष्ट्र संपतो.

आता जरा लांबची गोष्ट. अमेरिकेत असाच एक नामांकित रस्ता होता. त्याचा नंबर ६६. तो १९२६ साली ठरला. शिकागो शहरापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, सुमारे ३,९०० किलोमीटर. दुष्काळात जमीन गेलेले शेतकरी याच रस्त्याने पोट भरायला निघाले. वाटेवरची गावे त्यावर जगली. पुढे सरकारने बाजूने रुंद, वेगाचे रस्ते काढले. सेलिगमन नावाचे एक छोटे गाव होते. २२ सप्टेंबर १९७८ रोजी जवळून नवा रस्ता सुरू झाला आणि गावातली रहदारी एका दिवसात थांबली. दुकाने बंद पडू लागली. १९८५ साली ६६ हा नंबरच काढून टाकला.

सेलिगमनमध्ये एंजल डेल्गाडिलो नावाचे न्हावी होते. त्यांनी १९८७ साली आसपासच्या लोकांना जमवले आणि संघ काढला. ‘हा रस्ता इतिहासाचा आहे, त्याला तसा मान द्या,’ अशी मागणी त्यांनी राज्य सरकारकडे केली. त्याच वर्षी ती मान्य झाली. आता देशोदेशीचे प्रवासी तो जुना रस्ता बघायला येतात, गावात जेवतात, राहतात.

ही गोष्ट आज सांगायचे कारण आहे. मुंबई-वडोदरा हा नवा द्रुतगती मार्ग तलासरी, डहाणू, पालघर आणि वसई या तालुक्यांतून आखला आहे. तशा मार्गावर फाटे नसतात. ठरावीक जागीच गाडी चढते, ठरावीक जागीच उतरते. टपरीपाशी कोण थांबणार? आणि ज्यांची जमीन अशा रस्त्यात जाते, त्यांचे काय?

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची झाली तर सरकारला आधी राजपत्रात तसे जाहीर करावे लागते. तोच मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो. त्यातले एक लोकांच्या भाषेतले असावे लागते. म्हणजे आपल्याकडे मराठी. राजपत्रात आल्या दिवसापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. हरकत तोंडी चालत नाही, लेखी द्यावी लागते. तेव्हा गावात वर्तमानपत्र आले की बारीक टाइपातल्या नोटिसाही पाहा. आपल्या गावाचे नाव आहे का? गट नंबर सात-बाऱ्याशी जुळतो का? क्षेत्र बरोबर आहे का? अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत सात-बाऱ्याजवळ ठेवा.