फळी सागाची की दुसऱ्याच झाडाची?



सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा भागातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. पण झाडाची फळी झाली की पान नाही, फूल नाही, सालही नाही. मग ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न मला घराच्या दारामुळे पडला. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन साग आहे, मॅडम, साग तो सागच." मी सागाचा भाव मोजला. घरी मिस्त्रींनी फळीचं कापलेलं टोक निरखून पाहिलं आणि म्हणाले, "लाकूड वाईट नाही, पण हा साग नव्हे." पावतीवर नुसतं 'आफ्रिकन' लिहिलेलं! भांडणार कशावर? शेवटी त्या फळीचा एक तुकडा मी चौथीच्या वर्गात नेला. त्यातून झालेला हा पाठ.

नावातली गोम

'आफ्रिकन साग' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

१) खराखुरा साग. हे झाड मूळचं भारत, म्यानमार, थायलंड, लाओस इथलं. १८९८ च्या सुमारास ते आजच्या टांझानियात नेऊन लावलं गेलं. पुढे घाना, बेनिन अशा देशांतही लागवडी झाल्या. म्हणजे झाड तेच, फक्त वाढलं आफ्रिकेत.

२) इरोको. हे आफ्रिकेच्या उष्ण जंगलातलं वेगळंच झाड, सागाचं नातेवाईकही नाही. ते आपल्या वड, उंबर, फणसाच्या कुळातलं. फणसाच्या लाकडासारखंच तेही ताजं असताना पिवळसर असतं आणि पुढे तपकिरी होतं.

साहित्य

सागाचा खात्रीचा तुकडा (मिस्त्रींकडून मागून घ्या), ओळखायचा तुकडा, बाभूळ आणि सावरीचे तुकडे, भिंग, वजनकाटा, पट्टी, पॉलिश पेपर. शक्यतो सगळे तुकडे वाळलेले आणि १० × ५ × २ सेंमी मापाचे घ्या, म्हणजे प्रत्येकाचं घनफळ १०० घनसेंमी येतं.

कृती आणि निरीक्षण

*रंग :* सागाचा गाभा सोनेरी तपकिरी, बाहेरचं लाकूड पांढरट पिवळं. पण रंग उन्हाने बदलतो, पॉलिशने झाकतो. मुलांना सांगा, हा साक्षीदार कच्चा आहे.

*वजन :* सागाचा तुकडा साधारण ६५ ग्रॅम भरतो, बाभळीचा ८० च्या आसपास, सावरीचा बराच हलका. माझा 'आफ्रिकन' तुकडाही सागाच्या जवळपासच भरला! मुलं लगेच ओरडली, "मग सागच आहे!" इथे थांबा. एक लक्षण जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही, हे मुलांना इथेच उमगतं.

*वास आणि स्पर्श :* तुकडा पॉलिश पेपरने शिक्षकांनीच घासावा. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. इरोकोला तसा वास नसतो. त्याच्या भुशाने त्वचेला, नाकाला त्रास होऊ शकतो, म्हणून कुठलाही भुसा मुलांना हुंगू किंवा फुंकू देऊ नका.

*कापलेलं टोक :* हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. टोक धारदार पटाशीने साफ करून घ्या आणि भिंगातून पाहा. सागात वार्षिक वलयं स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते. इरोकोत छिद्रं सगळीकडे विखुरलेली, आणि त्यांना जोडणाऱ्या फिकट, नागमोडी रेषा.

माझ्या तुकड्यात छिद्रांची ओळ नव्हतीच. नागमोडी रेषा मात्र होत्या. शोधली कोणी? वाचनात मागे असलेल्या एका मुलाने! त्याचे वडील सुतारकाम करतात. "बाई, यात ओळच नाही," तो म्हणाला, आणि सगळा वर्ग त्याच्या भिंगाभोवती जमला. माझे दाराचे पैसे तिथेच वसूल झाले.

पालकांसाठी

लाकूड घेताना पॉलिश होण्याआधी, कापलेलं टोक बघूनच घ्या. पावतीवर झाडाचं नाव लिहून मागा. लागवडीतला साग लवकर तोडलेला असेल तर त्यात पांढरा भाग जास्त असतो आणि कीड आधी तिथेच लागते, तेही बघा. इरोको टिकाऊ लाकूड आहे, ते घेण्यात चूक नाही. पण सागाच्या नावाने आणि सागाच्या भावाने नको. मोठी खरेदी असेल आणि शंका असेल, तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाची शास्त्रीय ओळख करून मिळते.

मुलांना द्यायचा उपक्रम

घरातलं पॉलिश न केलेलं एक लाकूड निवडा : पाट, पोळपाट, खाटेचा पाय, काहीही. रंग, वजन, स्पर्श आणि टोकावरची छिद्रं वहीत नोंदवा, चित्र काढा. घरातल्यांना झाडाचं नाव विचारा, पण ते सगळ्यात शेवटी लिहा. आधी पाहणं, मग नाव.

तुमच्या वर्गात काय दिसलं, ते जरूर कळवा.