बधिर ओठाचे भौतिकशास्त्र

खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य तोंडात सुई टोचतात आणि थोड्याच वेळात आपला अर्धा ओठ जणू नाहीसा होतो, हा अनुभव तुमच्यापैकी काहींनी घेतला असेल. आरशात पाहावे तर ओठ जागच्या जागी असतो. पण बोटाने चाचपला तर तो दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. चूळ भरावी तर पाणी हनुवटीवरून ओघळते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. दोन-तीन तासांनी औषधाचा अंमल उतरतो आणि ओठ आपल्याकडे परत येतो. आता अशी कल्पना करा, की तो परत आलाच नाही. दोन तास नव्हे, दोन महिने नव्हे, दोन वर्षे झाली. मग?

हा प्रश्न मला माझ्या भाच्यामुळे पडला. तो नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्याचा खालचा जबडा जन्मापासूनच बराच मागे होता. पुढचे दात एकमेकांवर येत नसल्यामुळे भाकरीचा तुकडाही त्याला नीट तोडता येत नसे. एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून त्याचा जबडा आठ मिलिमीटर पुढे आणला. शस्त्रक्रिया चांगली झाली, दात जुळले, चेहराही बदलला. घरची मंडळी खूश झाली. भाचा मात्र तीन महिन्यांनी मला म्हणाला, "मामा, सगळे म्हणतात छान झाले. पण चहा पिताना तो ओठाला लागला की नाही, हेच मला कळत नाही. आणि हे कोणाला दिसतही नाही."

या बोलण्यात बरेच शास्त्र दडलेले आहे. ते आपण क्रमाने पाहू.

जबडा ही एक तरफ

तरफेचे तीन प्रकार तुम्ही शिकला आहात. खालचा जबडा ही तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. कानाच्या पुढे जो सांधा असतो, तो तिचा टेकू. गालातील चर्वणाचे स्नायू लावतात ते बल, आणि दातांखालचा घास हा भार. बल मध्ये आणि भार टोकाला, म्हणजे चिमट्यासारखीच ही रचना झाली.

हिशोबापुरते असे धरू, की स्नायूंचे बल ३०० न्यूटन असून ते टेकूपासून ४ सेंटिमीटरवर लागते. पुढचे दात टेकूपासून १० सेंटिमीटरवर आहेत. तर पुढच्या दातांवर मिळणारे बल ३०० × ४ ÷ १० = १२० न्यूटन. दाढ ६ सेंटिमीटरवर असेल, तर तेथे ३०० × ४ ÷ ६ = २०० न्यूटन. सुपारी आपण पुढच्या दातांनी न फोडता दाढेखाली का घेतो, ते यावरून ध्यानात येईल.

आता पुढचे दात आठ मिलिमीटर पुढे गेले, म्हणजे १०.८ सेंटिमीटरवर आले. नवे बल सुमारे १११ न्यूटन होईल. घट फक्त साडेसात टक्क्यांच्या आसपास! मग शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे मऊ भाताशिवाय काही खाता येत नाही, ते का? कारण तरफेचा भुज फारसा बदललेला नसला, तरी बल लावणारे स्नायू दुखावलेले असतात, सुजलेले असतात, आणि न वापरल्यामुळे दुबळेही झालेले असतात. चावण्याची शक्ती भरून यायला महिने लागतात. तेव्हा वर्गातल्या एखाद्या मुलाने डब्यातली पोळी अर्धी ठेवली, किंवा मधली सुट्टी संपली तरी तो खात बसला, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी ही तरफ आठवावी.

हाड चिरायचे ते कसे?

खालच्या जबड्यावरील अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत हलिहेन या शल्यचिकित्सकाने १८४९ साली केली. आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत मात्र ट्राऊनर आणि ओबवेगेसर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली. तिच्यातील युक्ती सुताराला लगेच पटेल. लाकडाची फळी आडवी कापून दोन तुकडे दूर सरकवले, तर मध्ये फट राहते. पण तीच फळी जाडीत उभी चिरली, तर तिचे दोन पापुद्रे एकमेकांवर सरकवता येतात, आणि सरकवल्यानंतरही त्यांचे पृष्ठभाग बऱ्याच क्षेत्रफळावर भिडलेले राहतात. जबड्याच्या मागच्या भागात हाड दोन्ही बाजूंना असेच जाडीत चिरतात. स्पर्शाचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून हाड सांधते चांगले.

सांधेपर्यंत ते धरून ठेवण्यासाठी टिटॅनियमच्या छोट्या पट्ट्या किंवा स्क्रू वापरतात. टिटॅनियमची घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट असते, तर पोलादाची जवळजवळ आठ पट. टिटॅनियम गंजत नाही आणि शरीर त्याला परके मानून झिडकारत नाही. शिवाय त्याचा ताठपणा हाडापेक्षा जास्त असला, तरी पोलादाच्या साधारण निम्माच आहे. पट्टी फार ताठ असेल, तर सगळा भार तीच पेलते आणि हाडाला काम उरत नाही. हाडावर भार पडतो तसे ते घडत जाते, हा नियम वोल्फ या जर्मन वैद्याने १८९२ साली मांडला. काम नसलेले हाड दुबळे होते.

एवढे करूनही जबड्याला जुन्या जागेची ओढ असतेच. ताणलेले स्नायू आणि त्वचा रबराप्रमाणे त्याला मागे खेचत असतात. काही जणांत जबडा थोडा मागे सरकतो, तो याच कारणाने. म्हणून दातांच्या तारा आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या शस्त्रक्रियेनंतरही चालूच राहतात.

ओठ हलतो, पण कळत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्यातून एक मज्जातंतू मागून पुढे येतो, उपदाढांच्या खाली हाडातील एका छिद्रातून बाहेर पडतो, आणि खालचा ओठ व हनुवटी यांना स्पर्शाची जाणीव देतो. हाड चिरतात ते नेमके या बोगद्याच्याच परिसरात. मज्जातंतू तुटला नाही, तरी तो ताणला जातो, दाबला जातो. म्हणून या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला ओठ बधिर असणे ही जवळजवळ नेहमीचीच गोष्ट आहे. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत बऱ्याच अंशी परत येते. काहींची मात्र कायमची कमी राहते, आणि वय जितके अधिक तितका हा धोका अधिक.

मग असा ओठ वाकडा का दिसत नाही? कारण जाणीव आणणारी तार वेगळी आणि हालचाल करवणारी वेगळी. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ओठाचा स्पर्श पाचव्या जोडीकडे, तर ओठाची हालचाल सातव्या जोडीकडे आहे. म्हणून भाचा हसतो तेव्हा त्याचे हसू सरळ असते, आणि पाहणाऱ्याला वाटते, याला काहीच झालेले नाही.

पण आज्ञा गेली आणि पोच आली नाही, की काम बिघडते. प, फ, ब, भ, म ही अक्षरे म्हणताना ओठ एकमेकांना टेकावे लागतात. टेकले की नाही, हे कळलेच नाही, तर उच्चार जड होतो. भाच्याने आरशासमोर उभे राहून महिनाभर हीच ओष्ठ्य अक्षरे घोटली. ओठांकडून न मिळणारी पोच त्याने डोळ्यांकडून मिळवली!

रोज एक मिलिमीटर

दुखावलेल्या मज्जातंतूंचे सेडन यांनी १९४३ साली तीन प्रकार केले. पहिल्यात तार शाबूत असते, फक्त संदेश अडतो. हे काही आठवड्यांत सुधारते. दुसऱ्यात आतला धागा तुटतो, पण बाहेरचे वेष्टन टिकते. तिसऱ्यात सगळेच तुटते, आणि मग तो आपोआप नीट जुळून येण्याची आशा फार थोडी. तेथे लवकर शस्त्रक्रिया करून टोके जोडावी लागतात.

दुसऱ्या प्रकारात धागा पुन्हा वाढू लागतो. त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. दुखापतीपासून ओठापर्यंत ७ सेंटिमीटर अंतर धरले, तर ७० दिवस होतात. तेव्हा तिसऱ्या महिन्यात "अजून काहीच नाही" म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. धागा पोचल्यावर त्याला जाड व्हायचे असते, योग्य जागी जुळायचे असते. या काळात मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. कधी धागे चुकीच्या जागी जातात, आणि स्पर्श एका ठिकाणी केला तर तो दुसरीकडेच जाणवतो.

यावरून पुण्याचीच एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याला १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने पकडले आणि त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली, आणि तिच्यामुळे युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले. कपाळाच्या कातडीने केलेल्या अशा नाकाला हात लावला, तर सुरुवातीस तो स्पर्श कपाळावर झाल्यासारखा वाटतो. मेंदूच्या नकाशात ती कातडी अजून कपाळच असते. नकाशा बदलायला वेळ आणि सराव लागतो. बधिर ओठाचेही तसेच. आरशात पाहत मऊ ब्रशने ओठ व हनुवटीवरून रोज हलके फिरवावे, आधी डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून. अशा सरावाने उरलेल्या बधिरतेचा त्रास कमी वाटतो, असे दिसून आले आहे.

मोजाल तर समजेल

बधिरता मोजता येते काय? येते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली ती रीत दाखवली. केसांत लावायची पिन वाकवून तिची दोन बोथट टोके ठरावीक अंतरावर आणा. (कंपासाची टोके वापरू नका, ती बोचतील.) मित्राला डोळे मिटायला सांगून कधी एक टोक, तर कधी दोन्ही टोके हलकेच टेकवा. एक की दोन, हे त्याने सांगायचे. दहापैकी निदान आठ उत्तरे बरोबर आली, तरच ते अंतर त्याला ओळखता आले, असे माना. कारण नुसत्या अंदाजानेही पाच बरोबर येऊ शकतात! बोटाच्या टोकावर २-३ मिलिमीटर, ओठावर सुमारे ५ मिलिमीटर, तर पाठीवर सुमारे ४० मिलिमीटर अंतर लागते. ओठ हे किती तरल इंद्रिय आहे, ते पाहा. ते गमावणे ही लहान गोष्ट नव्हे.

भाच्याने वहीत नोंदी ठेवल्या. वरच्या ओठाला धक्का लागलेला नव्हता, म्हणून तुलनेसाठी तोही दर वेळी मोजला. वरचा ओठ कायम ५ मिलिमीटर. खालचा दीड महिन्याने २० मिलिमीटरलाही 'एक' म्हणे. सहा महिन्यांनी १४, वर्षाने १०, दीड वर्षाने ९ आणि दोन वर्षांनीही ९. तोंड किती उघडते, हेही तो पट्टीने मोजत असे. निरोगी माणसाचे साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. त्याचे १८ पासून ४१ पर्यंत आले.

पहिल्या वर्षी "काहीच फरक नाही" असे तो रोज म्हणायचा, तेव्हा आलेख त्याला सांगे, "फरक आहे, तुला रोजच्या रोज दिसत नाही एवढेच." दुसऱ्या वर्षी तोच आलेख सपाट झाला. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "मामा, आता हा ९ वरच राहणार बहुतेक." मोजमाप खोटा धीर देत नाही आणि खोटी भीतीही घालत नाही. त्या दिवसापासून त्याने वाट पाहणे सोडले आणि ओठाशी जुळवून घ्यायला सुरुवात केली.

जुळवून घेणे म्हणजे काय? चहा आधी बोटाने किंवा वरच्या ओठाने अजमावणे, कारण बधिर ओठ भाजला तरी कळत नाही. त्याच कारणाने तेथे गरम शेक न घेणे. दाढी आरशात पाहूनच करणे. जेवताना मधून मधून रुमालाने हनुवटी टिपणे. आणि मित्रांना एकदाच, सरळ शब्दांत, सांगून टाकणे. त्याच्या एका मित्राने एक खूण ठरवली आहे. भाच्याच्या हनुवटीला शीत चिकटले, की तो स्वतःची हनुवटी पुसतो. कोणाला काही कळत नाही आणि काम होते.

काही गोष्टी मात्र स्वतः सोसत बसू नयेत. नव्याने सूज किंवा ताप, वाढत जाणारी वेदना, दात पूर्वीसारखे न जुळणे, तोंड उघडणे पुन्हा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. अशी शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल, तर आधीच विचारावे : बधिरता किती काळ राहू शकते? कायम राहिली तर? मला वाटते, उत्तर ऐकून बहुतेक जण शस्त्रक्रिया करतीलच. परवा मी भाच्याला विचारले, "हे सगळे आधी माहीत असते, तर केली असतीस?" समोरची भाकरी पुढच्या दातांनी तोडत तो म्हणाला, "केली असती. पण मोजायला पहिल्या दिवसापासून सुरुवात केली असती."

करून पाहा

१. तुमच्या बोटाचे टोक, तळहात, कोपराखालचा हात आणि पाठ यांवर दोन टोकांची चाचणी घ्या व कोष्टक तयार करा.

२. वरील तरफेत जबडा ८ मिलिमीटर पुढे नेण्याऐवजी ५ मिलिमीटर मागे नेला, तर पुढच्या दातांवरील बल किती होईल?

३. भाच्याच्या नोंदींचा आलेख काढा. सुधारणेचा वेग कोणत्या काळात सर्वाधिक होता?