ताळा करून पाहा

नाशिक रोडचा नोटांचा छापखाना १९२८ साली सुरू झाला. तेथे छापलेल्या नोटा तपासल्याशिवाय बाहेर जात नाहीत. संगणकाचा प्रोग्रामही असाच तपासावा लागतो. तो तपासणाऱ्याला टेस्टर म्हणतात.

१९९९ साली अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका प्रोग्रामची आकडेवारी पौंडात होती. दुसऱ्याने ती न्यूटनमध्ये आहे असे धरले. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही चूक सापडली नाही.

म्हणून चांगला टेस्टर 'बरोबरच असेल' असे म्हणत नाही. वयाच्या रकान्यात तो शून्य लिहून पाहतो, अक्षर लिहून पाहतो. चूक कशी घडली, ते लगेच नोंदवतो. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासतो. चूक दाखवतो, पण माणसाला हिणवत नाही.

तुम्हीही गणित सुटले की वही मिटू नका. आधी ताळा करा.