नळीतली रोपे उंच होतात, मग लोळतात का?

प्रश्न : आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडेला वड, पिंपळ आणि कडुलिंबाची रोपे लावली. काहींना लोखंडी जाळी बसवली, काहींना पांढरट प्लास्टिकची नळी. नळीतली रोपे जाळीतल्या रोपांना मागे टाकून भराभर वाढली. आम्ही खूश होऊन मार्चमध्ये नळ्या काढल्या, तर रोपांनी चक्क मान टाकली. असे का झाले? दुसरे म्हणजे, माझे मेव्हणे तासगावला द्राक्षबागायतदार आहेत. नव्या वेलींना अशा नळ्या घालाव्यात का, असे ते विचारतात.
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : मेव्हण्यांना थोडा वेळ बसवून ठेवू. आधी तुमच्या वडाचे पाहू.

नळीत रोप खरोखरच जोमाने वाढते, त्यात फसवणूक काही नाही. आतली हवा दमट राहते, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडते. शेळीचे तोंड पोचत नाही. बाजूचा उजेड मंद आणि वरचा भरपूर, म्हणून शेंडा उजेडाच्या दिशेने धावतो आणि बाजूच्या फांद्या फुटत नाहीत. थोडक्यात, रोपाची सगळी कमाई उंचीवर खर्च होते. बुंधा आणि मुळे यांच्या वाट्याला मात्र कमी येते.

बुंधा जाड व्हायला अन्नाबरोबर वाराही लागतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. इंग्लंडमधील बागायतीचे अभ्यासक टॉमस नाइट यांनी सफरचंदाची काही कोवळी झाडे हलू नयेत अशी बांधली आणि काही मोकळी ठेवली. मोकळ्या झाडांची खोडे अधिक जाड झाली. हे त्यांनी 1803 मध्येच नोंदवून ठेवले. खोड वाऱ्याने वाकते तेव्हा त्यातल्या पेशींवर ताण येतो, आणि त्या ताणाला उत्तर म्हणून झाड तिथे लाकूड वाढवते. नळीत वाराच नाही, तर ताण कुठून येणार? तुमच्या रोपांनी स्वतःचा भार कधी पेललाच नव्हता. नळी काढली त्या दिवशी तो पहिल्यांदा अंगावर पडला.

आता एक गैरसमज. नळी परदेशातून आली म्हणजे ती सगळीकडे चालणारच, असे आपण धरून चालतो. ही पद्धत 1979 मध्ये ब्रिटनच्या वनखात्यातले ग्रॅहॅम ट्यूली यांनी ओकच्या रोपांवर वापरून पाहिली. तिथे थंडी असते आणि रोप खाणारे म्हणजे ससे नि हरणे. नळीची उंचीसुद्धा खाणारा पाहून ठरते : सशासाठी 60 सेंटिमीटर, लहान हरणासाठी 1.2 मीटर. तिथे नळीत दोन-चार अंश उष्णता वाढली तर रोपाचे भलेच होते. माणमध्ये मे महिन्यात तेच दोन-चार अंश रोपाच्या मुळावर येतात. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत जे होते, तेच नळीत होते. पारा चाळिशीच्या पुढे गेला की पान अन्न कमी बनवते, श्वसनात मात्र खर्च चालूच राहतो. शिवाय साताऱ्याच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे उभ्या नळीच्या तोंडातून ऊन थेट बुंध्यापर्यंत उतरते. नळीला भोके नसतील तर आतला कार्बन डाय-ऑक्साइडही दिवसा कमी पडतो.

याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला गेलात तर गणित उलटते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तुमच्याकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. तिथल्या नळीत ऊन छळणार नाही, पण महिनोन् महिने न सुकणारी ओल आणि बुरशी छळेल.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारायचा : रोपाला वाचवायचे कोणापासून? तुमच्याकडे शेळ्यामेंढ्या आणि उतरते ऊन हे दोन शत्रू. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच फुटांपर्यंत सहज पोचते. त्यामुळे चार फुटी नळी तिच्या दृष्टीने ताट मांडून ठेवल्यासारखी. तिच्यासाठी उंच जाळी हवी, नाहीतर आपल्याकडची जुनी बोरी-बाभळीच्या काट्यांची कुंपी. दोन्हींतून वारा खेळतो, आणि काट्यांना पैसे पडत नाहीत. फक्त कुंपीवर देणगीदाराची पाटी लावता येत नाही, म्हणून ती मागे पडली असावी. जाळी बसवली तर बुंधा तिला टेकण्याआधी काढा. खोडात लोखंड रुतलेली झाडे आपल्या रस्त्यांवर हवी तेवढी दिसतात.

उन्हाचे म्हणाल, तर दुपारनंतरचे तिरपे ऊन खोडाला भाजते. म्हणून सावली चारी बाजूंनी नको, पश्चिमेला हवी. गोणपाट किंवा शेडनेटचा तुकडा दोन काठ्यांवर ताणला की झाले. खोडाला चुना फासला तर ऊन परतवले जाते. आळ्यात उसाचे पाचट घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवीला आवतण मिळेल.

लोळलेल्या रोपांना दोन्ही बाजूंनी काठ्या रोवून सैल बांधा. बांध जितका खाली घेता येईल तितका घ्या : खोड सरळ राहते एवढ्या उंचीवर, त्याच्या वर नको. शेंडा डुलला पाहिजे. ज्यांच्या नळ्या अजून आहेत, त्यांनी त्या भर उन्हाळ्यात एकदम काढू नयेत. उभी चीर देऊन हवा मोकळी करावी आणि पावसाळा सुरू झाला की नळी उतरवावी.

आता मेव्हणे. कॅलिफोर्नियातले बागायतदार नव्या वेलींना नळ्या घालतात, काही जण दुधाची पुठ्ठ्याची रिकामी खोकी वापरतात. त्यांचा हेतू सशापासून आणि तणनाशकाच्या फवाऱ्यापासून बचाव हा. वेलीला बांबू आणि तार मिळणारच असते, त्यामुळे खोड बारीक राहिले तरी तिथे तुमच्यासारखी पंचाईत होत नाही. तासगावची अडचण वेगळी आहे. डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम भरायचे ते साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे पावसाळी हवेत. नवी फूट त्याच ओलीत वाढते, आणि केवडा या बुरशीरोगाला ओले पान म्हणजे पर्वणीच. दमट नळीत पान सुकत नाही, औषधाचा फवाराही पोचत नाही. तेव्हा नळी नको. फूट सुतळीने बांबूला बांधत नेण्याची चालू रीतच बरी.

‘पण कलमावर आम्ही प्लास्टिकची पट्टी बांधतोच की,’ असे ते म्हणतील. बरोबर आहे. तिथे उघड्या कापाला ओल टिकवायची असते, म्हणजे दोन्ही काड्यांच्या पेशी वाढून सांधा जुळतो. पान मात्र मोकळ्या हवेत असते. आणि तीही पट्टी सांधा पक्का झाल्यावर वेळीच कापावी लागते, नाहीतर फुगणाऱ्या खोडाला काच बसतो.

उरलेल्या नळ्या टाकू नका. उभ्या चिरून पसरवा, चुना फासा आणि जाळीतल्या रोपांच्या पश्चिमेला आडोशाला बांधा.